मृगाआधी छप्पर

१९५८ साल. तुम्ही वॉशिंग्टनमध्ये, अमेरिकी नौदलाच्या कचेरीत उभे आहात. पाणबुडीतून सुटणारं पोलॅरिस क्षेपणास्त्र वेळेत हवंय, आणि त्यातली बरीच कामं आधी कुणी केलेलीच नाहीत. म्हणून प्रत्येक कामाच्या तीन मुदती विचारतात: सगळं जमलं तर किती, बहुधा किती, सगळं बिघडलं तर किती. मधल्या आकड्याला चारपट वजन, टोकांना एकेक, बेरजेला सहानं भाग. हीच पर्ट पद्धत. चारपट हा काही निसर्गनियम नव्हे, सोयीचा संकेत आहे.

हीच रीत सोबत घेऊन आता बावीस वर्षं मागं चला, वर्ध्याला. मे १९३६. मगनवाडीहून पाचेक मैल तापलेली वाट तुडवत तुम्ही शेगावात पोचता. त्याचं सेवाग्राम व्हायला अजून चार वर्षं आहेत. ३० एप्रिलला गांधीजी याच गावी पायी आले. घर इथल्याच मातीलाकडाचं आणि शंभर रुपयांच्या आत हवं, ही त्यांची अट.

गावातल्या एका मिस्त्रीजवळ बसा. मिस्त्री आणि त्याचे आकडे माझ्या कल्पनेतले आहेत, काम मात्र असंच चालतं. तो कुटार मिसळून गारा तुडवतोय. शेजारच्या भिंतीवर बोट दाबा: वरून कोरडी, आत ओल. हा थर वाळल्याशिवाय वरचा चढत नाही.

"भिंतीले किती दिवस?"

"एरवी पंधरा, भाऊ. ऊन असंच राह्यलं तं बारा. अन् वळवानं झोडपलं तं तीस धरा."

छपराला एरवी पाच, लवकर चार, उशिरा बारा.

एरवीचे आकडे जोडले तर वीस दिवस. १६ मेला सुरुवात केली की ४ जूनला घर उभं, मृग ७ जूनच्या आसपास. पुरेसा वेळ आहे, असं वाटतं. आता वजन लावा. भिंती: बारा, साठ आणि तीस, बेरीज १०२, भागिले सहा, सतरा. छप्पर: चार, वीस आणि बारा, ३६, म्हणजे सहा. एकूण तेवीस. काम संपायचा दिवस ७ जून, ऐन मृगावर.

सगळं जमलं तर भिंतीचे तीनच दिवस वाचतात, बिघडलं तर पंधरा जातात. हा एकतर्फी कल 'बहुधा'च्या आकड्यात दिसत नाही. म्हणून या रीतीत मला सगळ्यात मोलाचं वाटतं ते तिसरी मुदत विचारणं. मुदत देताना आपण माणसं चांगल्या दिवसांवर भिस्त ठेवतो, आणि वाईट दिवस कुणी विचारल्याशिवाय सांगत नाही.

मिस्त्री तेवीस ऐकतो, आभाळाकडे बघतो. "मंग आधी खांब गाडू, कवेलू चढवू. भिंती छपराखाली वाळतीन."

आता भिंतीची तिसरी मुदत पुन्हा विचारा. तीस नाही, चोवीस म्हणतो. सरासरी सोळावर येते. एकच दिवस कमी झाला, पण छप्पर मात्र २१ मेच्या सुमारास चढलेलं असेल.