पेट्रोल जीपची देखभाल (सातारा व सांगली जिल्हे)

पेट्रोल जीप म्हणजे कार्ब्युरेटर असलेली, पेट्रोलवर चालणारी जुनी जीपगाडी. त्याच इंजिनावर बांधलेला लहान मालवाहू ट्रकही याच वर्गात मोडतो. सातारा व सांगली जिल्ह्यांतील घाटवाटा, पश्चिमेकडील अतिवृष्टी आणि पूर्वेकडील दुष्काळी तालुक्यांतील धूळ यांमुळे या गाड्यांना ठरावीक स्वरूपाचे किरकोळ बिघाड वारंवार होतात. त्यांपैकी बहुतेक बिघाड सुटे भाग न बदलता, साध्या हत्यारांनी दूर करता येतात.

== पार्श्वभूमी ==
भारतात विलिस जीपची जुळणी मुंबईत महिंद्रा कंपनीने १९४०च्या दशकाच्या अखेरीस सुरू केली. पुढे आलेल्या सीजे ३बी या नमुन्यात ‘हरिकेन’ नावाचे चार सिलिंडरचे, सुमारे २.२ लिटरचे इंजिन होते. त्याची आत घेणारी झडप वर हेडमध्ये आणि बाहेर सोडणारी खाली ब्लॉकमध्ये असते. इंजिनाची उंची त्यामुळे वाढली आणि जीपचे बॉनेट उंच करावे लागले. याच इंजिनावर महिंद्राने ‘फॉरवर्ड कंट्रोल’ हा लहान ट्रकही काढला. पुढे डिझेल स्वस्त पडू लागल्यावर पुष्कळ मालकांनी मूळ इंजिन काढून डिझेल इंजिन बसवले. त्यामुळे मूळ पेट्रोल इंजिनासह टिकलेल्या गाड्या आता थोड्या आहेत आणि कार्ब्युरेटर उघडून नीट जुळवू शकणारे मिस्त्री त्याहून थोडे.

== तपासणीचा क्रम ==
गाडी मिसिंग मारू लागली की कार्ब्युरेटरलाच दोष देण्याची सवय सर्वत्र आढळते. प्रत्यक्षात पुष्कळ तक्रारी विजेच्या बाजूच्या निघतात. म्हणून आधी प्लग, मग डेल्कोतील पॉइंट व कंडेन्सर, त्यानंतर पेट्रोलची नळी व पंप आणि सर्वांत शेवटी कार्ब्युरेटर हा क्रम पाळावा. या इंजिनात पॉइंटमधील फट ०.०२० इंच (सुमारे ०.५ मि.मी.) आणि प्लगमधील फट ०.०३० इंच (सुमारे ०.७५ मि.मी.) ठेवतात. स्फुरणाचा क्रम १-३-४-२ असतो. महाबळेश्वर परिसरात पावसाळ्यात गाडी सकाळी सुरू झाली नाही, तर डेल्कोचे झाकण काढून आतून कोरड्या फडक्याने पुसणे हा पहिला उपाय होय.

== घाटातील बिघाड ==
उन्हाळ्यात पसरणी किंवा खंबाटकी घाट चढताना इंजिन तापते. पेट्रोलची नळी धुराड्याच्या नळाजवळून गेलेली असल्यास तिच्यातील पेट्रोलची वाफ होते. पंप द्रव ढकलण्यासाठी बनवलेला असल्याने वाफेपुढे त्याचे काही चालत नाही आणि गाडी बंद पडते. रस्त्यावरचा जुना उपाय म्हणजे पंपावर व नळीवर ओले फडके गुंडाळून पंधरा-वीस मिनिटे थांबणे. तापलेल्या बिडाच्या भागांवर थंड पाणी ओतू नये, ते तडकतात. कायमचा उपाय असा की, नळी धुराड्यापासून दूर वळवावी आणि मध्ये पत्र्याचा आडोसा बसवावा.

महाबळेश्वर समुद्रसपाटीपासून सुमारे १,३७० मीटर उंचीवर आहे. तेथील हवेची घनता किनाऱ्यापेक्षा साधारण आठव्या भागाने कमी असते. कार्ब्युरेटरला हे ओळखता येत नाही. त्यामुळे हवेच्या मानाने पेट्रोल जास्त पडते, स्लोवर इंजिन लटपटते आणि प्लग काजळी धरतात. चोकची तार गंजून अर्धवट अडकली असेल, तर सपाटीवरही हीच लक्षणे दिसतात. सबब आधी तार पाहावी.

== फ्लोट, नीडल व जेट ==
कार्ब्युरेटरच्या वाटीतील पेट्रोलची पातळी फ्लोट आणि नीडल राखतात. नीडलच्या बैठकीत कचरा अडकला की पेट्रोल वाटीबाहेर वाहू लागते. हा बिघाड किरकोळ वाटला तरी सर्वांत धोक्याचा आहे; ठिबकणारे पेट्रोल तापलेल्या भागांवर पडून गाडी पेट घेऊ शकते. पेट्रोलचा वास येताच इंजिन बंद करावे. पान्याच्या दांड्याने वाटीवर हलकेच ठोकल्यास कचरा पुष्कळदा निसटतो, पण ती तात्पुरती सोय समजावी.

पितळी फ्लोट छिद्र पडून आत पेट्रोल शिरल्याने जड होतो. तो कानाशी हलवल्यास आतील खळखळ ऐकू येते. नेमके छिद्र शोधण्यासाठी आगीपासून दूर, गरम पाण्यात फ्लोट बुडवतात. बुडबुडे निघतात ती जागा. आतील पेट्रोल पूर्ण काढल्याशिवाय डाग देऊ नये. डागाच्या कथिलानेही फ्लोटचे वजन वाढते आणि पातळी चढते, म्हणून ती पुन्हा जुळवावी लागते. ही पायरी हमखास विसरली जाते.

माण, खटाव, आटपाडी, जत या भागांत धुळीमुळे जेट वरचेवर चोंदतात. ते तारेने कोरू नयेत. भोक किंचित मोठे झाले तरी पेट्रोलचे प्रमाण कायमचे बिघडते. हवेच्या फुंकाऱ्याने किंवा केरसुणीच्या मऊ काडीने ते साफ करावेत. मूळ गाड्यांतील हवा गाळणी तेलाच्या वाटीची असते. तिच्या तळाशी चिखल साचू लागला की तेल बदलावे.

स्लोचा स्क्रू हलकेच पूर्ण आत बसवून साधारण दीड फेरा बाहेर घ्यावा आणि तापलेल्या इंजिनावर बारीक जुळणी करावी. जोर लावल्यास त्याचे टोक चेपते.

== इथेनॉलमिश्रित पेट्रोल ==
पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळण्याचे भारतातील आरंभीचे प्रायोगिक प्रकल्प २००१ मध्ये झाले. त्यांतील एक सांगली जिल्ह्यातील मिरज येथे होता. २०२३ पासून २० टक्के इथेनॉलचे पेट्रोल विक्रीस आले आणि २०२५ पर्यंत ते देशभर रूढ झाले. कृष्णाकाठचा ऊस अशा रीतीने इंधन म्हणून टाकीत येतो. मात्र जुन्या जीपगाड्या या मिश्रणासाठी बनवलेल्या नव्हत्या. पंपाचा पडदा व रबरी नळ्या फुगतात, पुढे चिरतात. पडदा फाटल्यास पेट्रोल इंजिन ऑइलमध्ये उतरते. ऑइलची पातळी न भरता वाढलेली दिसली आणि त्याला पेट्रोलचा वास येऊ लागला, तर गाडी चालवू नये. पातळ झालेल्या ऑइलने बेअरिंग जातात.

इथेनॉल ओलावा शोषते. गाडी पावसाळाभर उभी राहिल्यास पाणी व इथेनॉल वेगळे होऊन टाकीच्या तळाशी बसते आणि टाकी आतून गंजते. त्यासाठी टाकीच्या तळाचा नट खोलून थोडे पेट्रोल काचेच्या बाटलीत घेऊन पाहावे. दोन थर दिसले तर टाकी रिकामी करावी. इथेनॉलला हवा कमी लागत असल्याने मूळ जेटवर मिश्रण हलके पडते व इंजिन अधिक तापते. अशा वेळी एक माप मोठा जेट बसवतात. इथेनॉल सहन करणाऱ्या रबराच्या नळ्या व पडदे घालणे मात्र जेटच्या आधी करण्याचे काम आहे.