सॉफ्टवेअर रेडिओ : चाचणी-संकेतांवरून अभ्यास

साध्या रेडिओत हवे ते स्थानक निवडणे, बाकीचे गाळणे आणि वाहक लहरीवरून ध्वनी उतरवून घेणे ही कामे सर्किट करते. सॉफ्टवेअर रेडिओत अँटेनाकडून आलेला संकेत होईल तितक्या लवकर आकड्यांत बदलला जातो आणि पुढचे सगळे संगणकातील आज्ञावलीवर सोपवले जाते. ही संज्ञा जोसेफ मिटोला यांनी १९९० च्या दशकाच्या आरंभी रूढ केली. टीव्ही पाहण्यासाठी विकले जाणारे, आरटीएल२८३२यू चिप असलेले यूएसबी डोंगल कच्चे नमुने थेट संगणकाला देऊ शकते, हे २०१२ मध्ये उघड झाले आणि हा विषय विद्यार्थ्यांच्या आवाक्यात आला. हे डोंगल सेकंदाला सुमारे २४ लाख नमुने देते, तेही फक्त ८ बिटांचे. शिकायला तेवढे पुरते.

नवशिके बहुधा आधी अनोळखी स्थानकांच्या मागे लागतात. खरे तर सुरुवात उत्तर आधीच ठाऊक असलेल्या संकेतापासून करावी. तेव्हाच संकेत कोणता आणि यंत्राचा दोष कोणता, हे वेगळे कळते. सिग्नल जनरेटरमधून १०० मेगाहर्ट्झची शुद्ध लहर दिली की वर्णपटावर एकच उभी रेघ दिसते. ती १००.००५ वर दिसली, आणि जनरेटर अचूक असेल, तर डोंगलमधील स्फटिक दहा लाखांत ५० भागांनी चुकतो आहे. पटाच्या बरोबर मध्यावर आणखी एक रेघ असते. जनरेटर बंद केला तरी ती जात नाही आणि ट्यूनिंग बदलले की सोबत सरकते. ती यंत्राची स्वतःची आहे. गेन, म्हणजे संकेताचे वर्धन, फार वाढवला तरीही खोट्या रेघा उगवतात आणि कमी करताच मावळतात.

पुढची पायरी आयाम-विरूपणाची, म्हणजे एएमची. वाहक लहरीवर १ किलोहर्ट्झचा स्वर चढवला, तर तिच्या दोन्ही अंगांना १ किलोहर्ट्झवर एकेक रेघ यायला हवी. पण वर्णपट काढणाऱ्या फूरिये रूपांतरासाठी १,०२४ नमुन्यांचा गट घेतला, तर दोन बिंदूंमधले अंतर सुमारे २,३४४ हर्ट्झ पडते आणि त्या रेघा वाहकातच लपतात. ६५,५३६ नमुने घेताच अंतर ३७ हर्ट्झवर येते आणि तिन्ही रेघा सुट्या उभ्या राहतात. वारंवारतेचा बारीक भेद हवा असेल तर जास्त वेळ ऐकावे लागते, हा नियम इथे डोळ्यांनी दिसतो.

एफएमचा प्रयोग सर्वांत सुंदर. तोच स्वर ठेवून विचलन, म्हणजे वाहकाची वारंवारता मध्यापासून जास्तीत जास्त किती सरकते ते, हळूहळू वाढवत नेले की २.४०५ किलोहर्ट्झला वाहकाची रेघ पूर्ण नाहीशी होते, कारण तिची उंची ठरवणारे बेसेल फलन तिथे शून्य होते. या खुणेवरून विचलन अचूक मोजता येते. इतके जमल्यावर ८८ ते १०८ मेगाहर्ट्झमधले एखादे स्टिरिओ स्थानक लावून त्यातला १९ किलोहर्ट्झचा पायलट स्वर शोधावा.

जनरेटर आणि डोंगल संकेत कमजोर करणाऱ्या क्षीणकातून, केबलनेच जोडावेत. जनरेटरला अँटेना लावून संकेत हवेत सोडू नये; भारतात प्रक्षेपणाला परवाना लागतो.