कर्करोगावरील प्रचलित उपचार आणि त्यांच्या मर्यादा

कर्करोगावरील प्रचलित उपचार या संज्ञेत प्रामुख्याने शस्त्रक्रिया, किरणोपचार आणि रसायनोपचार अर्थात केमोथेरपी या तीन पद्धतींचा समावेश होतो. कर्करोगाचा प्रकार, त्याचा शरीरातील प्रसार आणि रुग्णाची प्रकृती यांनुसार त्या स्वतंत्रपणे किंवा एकत्रितपणे वापरल्या जातात. कर्कपेशी या जंतूंप्रमाणे बाहेरून आलेल्या नसतात. रुग्णाच्याच पेशींत बदल होऊन त्या निर्माण होतात. त्यामुळे त्यांचा नाश करताना निरोगी पेशींना होणारी इजा पूर्णतः टाळता येत नाही. या उपचारांच्या अनेक मर्यादांचे मूळ या वस्तुस्थितीत आहे.

शस्त्रक्रिया

शरीराच्या एकाच भागात असलेली गाठ काढून टाकणे हा कर्करोगावरील सर्वांत जुना उपचार होय. भूल देण्याचे तंत्र आणि जंतुनाशकांचा वापर एकोणिसाव्या शतकात रूढ झाल्यावर मोठ्या शस्त्रक्रिया शक्य झाल्या. अमेरिकन शल्यविशारद विल्यम हॅल्स्टेड यांनी त्या शतकाच्या अखेरीस स्तनाच्या कर्करोगात स्तनासोबत छातीचे स्नायू व काखेतील लसिका ग्रंथीही काढण्याची पद्धत रुजवली. जितका अधिक भाग काढावा तितका रोग समूळ जाईल, अशी त्यामागील धारणा होती. बर्नार्ड फिशर यांच्या नेतृत्वाखाली १९७१ मध्ये सुरू झालेल्या चाचणीत मात्र २५ वर्षांच्या पाहणीनंतरही अशा व्यापक शस्त्रक्रियेने रुग्णांचे आयुष्य अधिक वाढल्याचे दिसले नाही.

निदान होण्यापूर्वीच कर्कपेशी रक्तावाटे किंवा लसिकावाहिन्यांवाटे दूरच्या इंद्रियांत पोहोचल्या असतील, तर मूळ गाठ कितीही काटेकोरपणे काढली तरी रोग उलटू शकतो. हीच शस्त्रक्रियेची प्रमुख मर्यादा आहे. याशिवाय गाठ मोठ्या रक्तवाहिनीला किंवा मेंदूच्या नाजूक भागाला चिकटलेली असल्यास ती पूर्णपणे काढता येत नाही.

किरणोपचार

व्हिल्हेल्म राँटगेन यांनी १८९५ मध्ये क्ष-किरणांचा शोध लावला. १८९८ मध्ये मेरी व पिएर क्युरी यांनी रेडियमचा शोध लावल्याचे जाहीर केले. त्यानंतर अल्पावधीतच किरणांचा उपचारासाठी वापर सुरू झाला. किरणांमुळे पेशीतील डीएनए तुटतो आणि तिचे विभाजन थांबते. निरोगी पेशी अशी इजा तुलनेने चांगली भरून काढतात; म्हणून एकूण मात्रा लहान लहान हप्त्यांत विभागून दिली जाते. डोके व मान यांच्या कर्करोगात सर्वसाधारणपणे ६० ते ७० ग्रे इतकी मात्रा सहा-सात आठवड्यांत देतात.

ही मात्रा हवी तेवढी वाढवता येत नाही. उदाहरणार्थ, मेरुरज्जूला सुमारे ४५ ते ५० ग्रेपेक्षा अधिक किरण मिळाल्यास कायमची इजा होण्याचा धोका वाढत जातो. लाळग्रंथींवर किरण पडल्यास तोंडाला दीर्घकाळ कोरड पडते. ज्या गाठीत प्राणवायू कमी पोहोचतो, ती किरणांना कमी दाद देते. क्वचित प्रसंगी अनेक वर्षांनी किरणोपचारामुळे दुसरा कर्करोगही उद्भवतो.

रसायनोपचार

युद्धात वापरल्या गेलेल्या मस्टर्ड वायूशी संबंधित नायट्रोजन मस्टर्ड या रसायनाचा १९४२ मध्ये अमेरिकेतील येल विद्यापीठात लसिका ग्रंथींच्या कर्करोगावर प्रयोग झाला. गाठी विरघळल्या, परंतु थोड्याच काळात परत आल्या. पुढे बोस्टन येथे सिडनी फार्बर यांनी ल्युकेमिया झालेल्या मुलांना ॲमिनोप्टेरिन दिले. भारतीय जैवरसायनशास्त्रज्ञ येल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्या चमूने हे औषध तयार केले होते. १९४८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगातही सुधारणा तात्पुरतीच ठरली.

एका सेंटीमीटरच्या गाठीत सुमारे शंभर कोटी पेशी असतात. औषधाने त्यांतील ९९.९ टक्के नष्ट झाल्या तरी दहा लाख उरतात. त्यांत औषधाला न जुमानणाऱ्या पेशी असल्यास त्याच वाढत जातात. यावर उपाय म्हणून वेगवेगळ्या पद्धतीने काम करणारी अनेक औषधे एकत्र देण्यात येऊ लागली. सदाफुलीपासून मिळणारे व्हिन्क्रिस्टिन हे त्यांपैकी एक. अशा संयुक्त उपचारांमुळे मुलांमधील तीव्र लिंफोब्लास्टिक ल्युकेमिया आणि वृषणाचा कर्करोग यांचे बहुसंख्य रुग्ण आज बरे होऊ शकतात. स्वादुपिंडाच्या पसरलेल्या कर्करोगात मात्र यश फारच मर्यादित आहे.

रसायनोपचाराची बहुतेक औषधे वेगाने विभाजित होणाऱ्या सर्वच पेशींवर परिणाम करतात. केस गळणे, तोंड येणे आणि अस्थिमज्जेवरील परिणामामुळे जंतुसंसर्गाचा धोका वाढणे ही त्याची लक्षणे होत. डॉक्सोरुबिसिनमुळे हृदयाला, तर सिस्प्लॅटिनमुळे मूत्रपिंड व श्रवणशक्तीला इजा होऊ शकते.

नवीन उपचार आणि उपलब्धता

विशिष्ट दोषावर नेमका आघात करणारी औषधे या मर्यादांवर अंशतः मात करतात. २००१ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेल्या इमॅटिनिबने दीर्घकालीन मायलॉइड ल्युकेमियाचे स्वरूपच पालटले. रोगप्रतिकारक यंत्रणेला चालना देणारी औषधेही वापरात आली आहेत. तथापि सर्व रुग्णांना त्यांचा लाभ होत नाही आणि त्यांची किंमत अनेकांच्या आवाक्याबाहेर असते.

भारतात उशिरा होणारे निदान, उपचारकेंद्रांपर्यंतचे अंतर आणि खर्च याही मोठ्या मर्यादा ठरतात. मुंबईतील परळ येथे १९४१ मध्ये सुरू झालेल्या टाटा स्मारक रुग्णालयात देशाच्या सर्व भागांतून रुग्ण येतात. तेथील संशोधकांनी डोके व मान यांच्या बळावलेल्या कर्करोगात निव्होलुमॅब हे महागडे औषध नेहमीच्या मात्रेच्या दहाव्या भागाहूनही कमी, म्हणजे दर तीन आठवड्यांनी २० मिलिग्रॅम, देऊन पाहिले. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या चाचणीत रुग्णांचे आयुष्य वाढल्याचे आढळले.

मर्यादांचा अर्थ

उपचारांच्या मर्यादा म्हणजे उपचारांची निरुपयोगिता नव्हे. दूरच्या इंद्रियांत न पसरलेल्या कर्करोगाच्या रुग्णांचा येल विद्यापीठातील संशोधकांनी अभ्यास केला. त्यात प्रचलित उपचार टाळून केवळ पर्यायी उपचार निवडणाऱ्यांमध्ये मृत्यूचा धोका सुमारे अडीच पट आढळला. हा अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. रोग बरा होण्याच्या पलीकडे गेला असला, तरी वेदनाशमन, श्वासाचा त्रास कमी करणे आणि कुटुंबाला आधार देणे ही परिहारक सेवेची उद्दिष्टे कायम राहतात. अशी सेवा उपचार संपल्यावरच नव्हे, तर उपचारांच्या जोडीनेही दिली जाते.