इलेक्ट्रिक ओव्हन अचानक बंद पडला? आधी घरीच हे तपासा

नरसी नामदेव (जि. हिंगोली) : केक भाजताना मध्येच ओव्हन बंद पडला, तर तो हिंगोलीला दुरुस्तीला नेण्याआधी काही गोष्टी घरीच बघता येतात.

१) टायमर शून्यावर असेल तर ओव्हन तापत नाही. तो फिरवून बघा.

२) एमसीबी पडली का बघा. त्याच सॉकेटला दुसरी वस्तू लावा. तीही चालली नाही तर ओव्हन ठीक असू शकतो.

३) २००० वॅटचा ओव्हन जवळपास ९ अँपिअर करंट ओढतो. ६ अँपिअरच्या सॉकेटवर पिन काळी पडते, वितळते. १६ अँपिअरचा सॉकेट आणि चांगली अर्थिंग हवीच.

४) दिवा लागतो पण ओव्हन तापत नाही, तर कॉइल किंवा थर्मोस्टॅट गेलेला असू शकतो. काहीच लागत नसेल तर वायर, टायमर किंवा थर्मल फ्यूज मेकॅनिककडून तपासून घ्या.

थर्मल फ्यूज जळाला म्हणून तिथं साधी तार जोडू नका. ओव्हन जास्त तापला तर तोच लाईन तोडतो. तार जोडली की आग लागू शकते. तेवढ्याच क्षमतेचा नवा फ्यूज बसवा.

मायक्रोवेव्ह मात्र घरी उघडूच नका. पिन काढल्यावरही त्याच्या कपॅसिटरचा जीवघेणा शॉक बसू शकतो.

घरातली सगळीच लाईन कमी-जास्त होत असेल, तर महावितरणला १९१२ वर कळवा.