गुरूच्या शिक्षणाचा खर्च कोणी उचलावा?

एखाद्या खेळाडूने पदक मिळविले की त्याला किती बक्षीस द्यावे, याची चर्चा आपल्याकडे हिरिरीने होते. त्याला घडविणाऱ्या प्रशिक्षकाचे स्वतःचे शिक्षण कोठे झाले, ते अद्ययावत राहावे म्हणून पैसा कोणी दिला, त्याच्यासोबत मालिशवाला, वैद्य, व्यवस्थापक होता की नव्हता, हे प्रश्न मात्र क्वचितच कोणी विचारतो. अर्थशास्त्राचा विद्यार्थी आणि व्यवसायाने सरकारी नोकर या दुहेरी नात्याने मला हे प्रश्न महत्त्वाचे वाटतात. प्रस्तुत लेखात त्यांचा थोडा इतिहास मांडण्याचा विचार आहे.

आरंभ कावेरीकाठच्या कुंभकोणमपासून करतो. महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या मराठी वाचकांना या गावाविषयी आपुलकी वाटावी अशी पुष्कळ कारणे आहेत. व्यंकोजीराजांनी सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात स्थापिलेले तंजावरचे मराठी राज्य १८५५ पर्यंत टिकले आणि कुंभकोणम त्याच मुलखात वसलेले. त्रावणकोर, इंदूर आणि बडोदे अशा तीन संस्थानांची दिवाणगिरी केलेले सर टी. माधवराव १८२८ मध्ये येथेच एका मराठी घराण्यात जन्मले. माझ्या विषयाच्या दृष्टीने मात्र या मुलखाचा सर्वांत मोलाचा वारसा म्हणजे येथील छत्रे, अर्थात रामेश्वराच्या वाटेवरची अन्नछत्रे व धर्मशाळा.

सरफोजीराजांनी १८०१ मध्ये तंजावरच्या इंग्रज रेसिडेंटाला लिहिलेल्या पत्रात या छत्रांचा कारभार वर्णिला आहे. छत्रात वाटसरूंना अन्न तर मिळेच, शिवाय तेथे शिक्षक नेमलेले असत, आणि रोग, सूज व विषबाधा यांवर उपचार करणारे वैद्यही असत. हा सारा खर्च छत्राला तोडून दिलेल्या जमिनींच्या उत्पन्नातून भागे. आजच्या अंदाजपत्रकी भाषेत सांगायचे, तर सेवा देणाऱ्या माणसाचा खर्च हा मूळ योजनेचाच भाग होता. त्यासाठी दरवर्षी वेगळी याचना करावी लागत नसे.

क्रीडाक्षेत्रात ही दृष्टी आपल्याकडे फार उशिरा आली. शिक्षकांनाच शिकविण्याचा एक पद्धतशीर प्रयत्न १९२० मध्ये मद्रासला झाला. हॅरी क्रो बक या अमेरिकन गृहस्थांनी वाय.एम.सी.ए.च्या आश्रयाने तेथे शारीरिक शिक्षणाचे महाविद्यालय काढले. हेच बक १९२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये भारतीय संघाचे व्यवस्थापक होते. आपल्या महाराष्ट्रात वैद्य बंधूंनी १९१४ मध्ये स्थापिलेल्या अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने उन्हाळी वर्ग भरवून गावोगावच्या व्यायामशिक्षकांना तयार केले. या मंडळाच्या पथकाने १९३६ मध्ये बर्लिनला जाऊन देशी व्यायामप्रकारांची प्रात्यक्षिके दाखविली. उन्हाळी वर्गाची कल्पना साधी, पण व्यवहारी होती; शाळेला सुटी असताना मास्तराने शिकावे, म्हणजे नोकरीही बुडत नाही. सरकारी तिजोरी याकडे वळली ती १९३७ नंतर. त्या वर्षी मुंबई सरकारने स्वामी कुवलयानंद यांच्या अध्यक्षतेखाली शारीरिक शिक्षण समिती नेमली आणि पुढील वर्षी कांदिवलीला शिक्षकांसाठी प्रशिक्षण संस्था सुरू झाली. तिचे पहिले प्राचार्य पी. एम. जोसेफ हेच १९५७ मध्ये ग्वाल्हेरच्या लक्ष्मीबाई महाविद्यालयाचेही पहिले प्राचार्य झाले. शिक्षकांच्या शिक्षणावर प्रांताने केलेला खर्च असा पुढे साऱ्या देशाच्या कामी आला.

खेळाडूसोबत जाणाऱ्या माणसांचा विचार मात्र तरीही झाला नाही. त्याची किंमत हेलसिंकीत मोजावी लागली. खाशाबा जाधव १९४८ मध्ये कोल्हापूरच्या महाराजांच्या मदतीने लंडनला गेले. तेथे रीस गार्डनर या परदेशी प्रशिक्षकाने त्यांना गादीवरच्या कुस्तीचे धडे दिले आणि ते सहावे आले. १९५२ च्या प्रवासासाठी गावकऱ्यांनी वर्गणी काढली, राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले. ही कथा आपण अभिमानाने सांगतो. तिचा उत्तरार्ध मात्र कमी सांगितला जातो. जपानच्या इशीशी दीर्घ झुंज झाल्यावर खाशाबांना लगेच सोव्हिएत मल्लाशी लढण्यास सांगण्यात आले. दोन कुस्त्यांमध्ये अर्ध्या तासाच्या विश्रांतीचा नियम होता. पण तो दाखवून हरकत घेण्यास एकही भारतीय अधिकारी जागेवर नव्हता. थकलेले खाशाबा ती कुस्ती हरले आणि कांस्यपदकावर समाधान मानून परतले. विश्रांती मिळती तर ते जिंकलेच असते, असे कोणी म्हणू शकणार नाही. परंतु नियम जाणणारा एक माणूस आखाड्याशेजारी असता, तर अर्धा तास निश्चित मिळाला असता. सहाय्यक कर्मचारी म्हणजे चैन, असे मानणाऱ्या प्रत्येक वित्त अधिकाऱ्याने हा प्रसंग आठवावा.

पुढे शासन जागे झाले. १९५३ मध्ये राजकुमारी अमृत कौर प्रशिक्षण योजना आली आणि ७ मे १९६१ रोजी पतियाळाच्या मोतीबाग राजवाड्यात राष्ट्रीय क्रीडा संस्था उघडली. प्रशिक्षक हा स्वतंत्र व्यवसाय असून त्याला पदविका असावी, ही गोष्ट तेथे रुजली. १९८५ मध्ये द्रोणाचार्य पुरस्कार सुरू झाला, तेव्हा पहिल्या मानकऱ्यांत कुस्तीचे भालचंद्र भागवत होते, तसेच पी. टी. उषाचे गुरू ओ. एम. नंबियारही होते. नंबियार पतियाळाचे पदविकाधारक. केरळच्या क्रीडा परिषदेने त्यांना पगारी काम दिले, म्हणून एका शाळकरी मुलीवर वर्षानुवर्षे मेहनत घेणे त्यांना शक्य झाले.

येथे अर्थशास्त्राचा एक सिद्धान्त उपयोगी पडतो. गॅरी बेकर यांनी १९६४ च्या आपल्या ग्रंथात दाखविले की जे कौशल्य कोठेही उपयोगी पडते, त्याचा खर्च करण्यास मालक उत्सुक नसतो, कारण शिकलेला माणूस दुसरीकडे जाऊ शकतो. मग तो खर्च शिकणाऱ्यानेच सोसावा लागतो. प्रशिक्षकाचे कौशल्य नेमके याच जातीचे. नाशिकच्या शैलजा जैन यांचे उदाहरण ताजे आहे. महाराष्ट्रात अनेक वर्षे कबड्डी शिकविल्यानंतर त्या इराणच्या महिला संघाच्या प्रशिक्षक झाल्या आणि २०१८ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत त्यांच्या संघाने अंतिम सामन्यात भारताला २७-२४ असे हरविले. त्यात त्यांचा दोष काहीच नाही. ज्ञानाला मागणी जेथे, तेथे ते जाणार. पण छोटी तालीम किंवा गावातील शाळा आपल्या मास्तरावर खर्च का करीत नाही, याचे उत्तर यात मिळते. लाभ सर्वांचा आणि खर्च एकाचा, अशी स्थिती असेल तेथे सार्वजनिक निधीच हवा.

काही वर्षांपूर्वी कामानिमित्त माझे कुंभकोणमला जाणे होई. तेथे एका शाळेतील पी. टी. मास्तरांशी परिचय झाला. घरात दक्षिणी मराठी बोलणारे हे गृहस्थ मुलांना कबड्डी, म्हणजे तिकडची सडुगुडु, शिकवीत. त्यांना पतियाळाचा सहा आठवड्यांचा प्रमाणपत्र वर्ग करावयाचा होता. शुल्क ते कसेबसे भरू शकत होते. अडचण होती ती भरपगारी रजेची, देशाच्या दुसऱ्या टोकापर्यंतच्या प्रवासखर्चाची आणि तेवढ्या काळात मुलांना कोण शिकविणार याची. त्यांच्या संस्थेकडे यांपैकी कशासाठीही लेखाशीर्ष नव्हते. दोन वर्षे अर्ज करून त्यांनी तो विचार सोडला. त्यांच्या हाताखालची चांगली मुले चौदा-पंधराव्या वर्षी जेथे अडली, तेथेच अडून राहिली.

आज निधीच नाही, असे म्हणता येणार नाही. १९९८ पासून राष्ट्रीय क्रीडा विकास निधी आहे, खेलो इंडिया आहे. प्रश्न पैसा शेवटच्या मास्तरापर्यंत पोचण्याचा आहे. माझ्या मते तीन गोष्टी कराव्यात. उदयोन्मुख खेळाडूंच्या प्रत्येक योजनेत प्रशिक्षक व सहाय्यकांच्या शिक्षणासाठी ठरावीक हिस्सा राखून ठेवावा आणि तो अन्यत्र वळविण्यास मनाई असावी. अनुदानात शुल्काबरोबरच रजेचा पगार, प्रवास व बदली शिक्षकाचे मानधन धरावे. तिसरे, जिल्हा पातळीवर अमरावतीच्या धर्तीवर सुटीतील वर्ग मातृभाषेत भरवावेत आणि त्यांत मालिश, प्रथमोपचार, आहार व स्पर्धेचे नियम हे विषय असावेत. म्हणजे खेळाडूचा अर्धा तास मागून घेणारा माणूस गावातच तयार होईल.

यासाठी एखाद्या जिल्ह्याने कायम ठेव उभारून केवळ व्याजातून खर्च चालविला, तर वार्षिक मंजुरीचीही वाट पाहावी लागणार नाही. तंजावरच्या छत्रांचा कारभार जमिनीच्या उत्पन्नावर याच रीतीने चाले. परमुलखात स्थिरावलेल्या मराठी मंडळांनी आपापल्या गावी अशा ठेवीत थोडी भर घातली, तर खेळाडूला दिलेल्या एखाद्या ढालीपेक्षा ती अधिक काळ उपयोगी पडेल.