लाल दिसतंय, मग करू काय?

तर मंडळी, गोष्ट एका श्रावणातली. शनिवारची सकाळ, आठवडाभराची झोप एका दिवसात वसूल करायचा बेत, आणि साडेसातला लातूरहून मामांचा फोन.

"अरे, मोबाइलात आपलं शेत लाल दिसायलंय."

मामांचं सहा एकर सोयाबीन. मामेभावाने त्यांच्या फोनवर एक अ‍ॅप टाकून दिलंय. उपग्रहाच्या चित्रावरून ते पिकाची तब्येत दाखवतं. हिरवं म्हणजे झकास, पिवळं म्हणजे लक्ष ठेवा, लाल म्हणजे गडबड. मी कंप्युटरवाला, त्यामुळे प्रश्न माझ्याकडे. मी पाच मिनिटं इन्फ्रारेड, पिक्सेल वगैरे लेक्चर दिलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "ते समदं खरं. पण लाल दिसतंय, मग मी करू काय?"

माझी बोलती बंद. नंतर दोन दिवस त्याच प्रश्नामागे वाचत बसलो, तर लक्षात आलं की नेमका हाच प्रश्न १९७१ साली अमेरिकेला पडला होता. फक्त शेत सहा एकरांचं नव्हतं, सात राज्यांचं होतं.

सुरुवात मक्यापासून करू. संकरित मक्याचं बियाणं करायचं तर दोन वाण शेजारी-शेजारी ओळींनी लावतात. एक आई, एक बाप. आईच्या ओळींतले तुरे पराग सुटण्याआधी खुडावे लागतात, नाहीतर ती स्वतःच्याच परागाने फळते. अमेरिकेत हे काम उन्हाळ्याच्या सुट्टीत शाळकरी पोरं करायची. खर्चिक आणि कटकटीचं. मग टेक्सासमध्ये मक्याची एक अशी जात हाती लागली की जिच्या तुऱ्यात कामाचा परागच धरत नाही. हा गुण पेशीद्रवातून, म्हणजे फक्त आईकडून पुढे जातो. झालं! तुरे खुडायची गरजच संपली. बियाणं कंपन्यांनी ही युक्ती उचलली आणि १९७० पर्यंत अमेरिकेतल्या सुमारे ८५ टक्के मक्यात हे 'टेक्सास पेशीद्रव' जाऊन बसलं. पिशव्यांवर नावं वेगवेगळी, आतला एक भाग मात्र सगळ्यांत तोच.

आपल्या धंद्यातल्या लोकांना पुढचं सांगायला नको. मी पूर्वी ज्या ठिकाणी होतो तिथे तीन 'स्वतंत्र' सर्व्हिसेस एकाच रविवारी एकदम झोपल्या होत्या, कारण तिघींच्या पोटात एकच सर्टिफिकेट होतं आणि त्याची मुदत संपली होती. डायग्रामवर तीन चौकोन होते हो!

गंमत म्हणजे मक्याच्या बाबतीत बग रिपोर्ट आधीच आलेला होता. १९६१ साली फिलिपिन्समधल्या शास्त्रज्ञांनी छापून सांगितलं होतं की या टेक्सासवाल्या मक्यावर करपा जास्त पडतो. पण तो तिकडचा उष्ण, दमट प्रदेश, आपल्याकडे करपा किरकोळ असतो, अशा समजुतीत ती गोष्ट मागे पडली.

१९७० साली फ्लोरिडात करप्याच्या बुरशीचा एक नवा प्रकार दिसला. टेक्सास पेशीद्रवाच्या मक्यावर हा नुसता पानांवर थांबायचा नाही, खोड आणि कणसंही खायचा. कारण पुढे १९८० च्या दशकात उलगडलं. ज्या प्रथिनामुळे पराग धरत नव्हता, त्याच प्रथिनावर बुरशीचं विष जाऊन चिकटायचं आणि पेशीची वीजघरं, म्हणजे मायटोकॉन्ड्रिया, फोडायचं. म्हणजे सोय आणि खोट एकाच ठिकाणी! तो उन्हाळा दमट होता. बुरशीचे बीजाणू वाऱ्यावर बसून उत्तरेकडे सरकले आणि ऑगस्टपर्यंत इलिनॉय, इंडियानाच्या मुख्य मका पट्ट्यात पोचले. देशाचं सुमारे १५ टक्के पीक गेलं. नुकसान अंदाजे १ अब्ज डॉलर, तेही तेव्हाचे.

आता १९७१ साठी काय? साध्या पेशीद्रवाचं बियाणं सगळ्यांना पुरेल एवढं नव्हतं. कंपन्यांनी हिवाळ्यात हवाई, फ्लोरिडा, दक्षिण अमेरिका अशा उबदार ठिकाणी बियाण्याचं जास्तीचं पीक घेतलं, तरी बऱ्याच शेतकऱ्यांना मिश्र बियाणं पेरावं लागलं. पुन्हा करपा आला तर कळणार कसं? तेव्हा नासा, अमेरिकेचं कृषी खातं, पर्ड्यू आणि मिशिगन विद्यापीठ यांनी मिळून 'कॉर्न ब्लाइट वॉच' नावाचा प्रयोग मांडला.

सात राज्यांत एक मैल रुंद, आठ मैल लांब असे २१० तुकडे निवडले. जूनपासून ऑक्टोबरपर्यंत साधारण दर दोन आठवड्यांनी एक आरबी-५७ विमान सुमारे ६०,००० फुटांवरून त्यांचे इन्फ्रारेड रंगीत फोटो काढायचं. ही फिल्म मुळात दुसऱ्या महायुद्धातली, झाडपाल्याच्या नकली आच्छादनाखाली लपवलेले रणगाडे हुडकण्यासाठी बनवलेली. निरोगी पान आतल्या रचनेमुळे जवळचा इन्फ्रारेड प्रकाश भरपूर परतवतं आणि या फिल्मवर लालभडक दिसतं. पान खंगलं की तो लाल फिका पडतो. (म्हणजे मामांच्या अ‍ॅपच्या बरोब्बर उलटं. इथे लाल म्हणजे तब्येत ठणठणीत!) शिवाय पश्चिम इंडियानातल्या ३० तुकड्यांवरून एक वेगळं विमान स्कॅनर घेऊन फिरायचं. तो डेटा पर्ड्यूमध्ये 'लार्सिस' नावाच्या सॉफ्टवेअरवर चालवून कंप्युटरकडून पिकं ओळखून घ्यायचे. आज आपण ज्याला मशीन लर्निंग म्हणून मिरवतो, त्याचंच हे खापरपणजोबा.

आपणही फार मागे नव्हतो बरं का. साधारण त्याच सुमारास, १९७० च्या आसपास, प्रा. पिशारोटी यांनी केरळात नारळाच्या मूळकुज रोगासाठी हेलिकॉप्टरमधून असेच इन्फ्रारेड फोटो काढून पाहिले होते. भारतातल्या दूरसंवेदनाची सुरुवात त्या प्रयोगापासून धरतात.

पण मला सगळ्यात आवडलेला भाग जमिनीवरचा आहे. दर फेरीला कृषी खात्याची माणसं त्या तुकड्यांतल्या ठरावीक शेतांत पायी जायची, पानं बघायची आणि करप्याला शून्य ते पाच असे मार्क द्यायची. वरच्या फोटोचा अर्थ खालच्या माणसाच्या वहीवरून लागायचा.

निकाल? मध्यम ते जोरदार करपा वरून ओळखता आला. हलका, नुकताच लागलेला करपा मात्र नाही. म्हणजे थोडंफार करता येईल तेव्हा दिसत नव्हता, आणि दिसायचा तेव्हा फारसं काही करता येत नव्हतं. हजारो एकर मक्यावर फवारणी परवडणारी नव्हती. १९७१ चं पीक वाचलं, विक्रमी आलं, पण ते कॅमेऱ्यामुळे नव्हे. हवामानाने साथ दिली आणि बियाणं काही अंशी बदललेलं होतं. पुढे बहुतेक सगळं बियाणं बदललं आणि शाळकरी पोरं पुन्हा तुरे खुडायला लागली.

मग प्रयोग वाया गेला का? नाही. मोठ्या प्रदेशावर पिकं वरून मोजता येतात हे कळलं, आणि २३ जुलै १९७२ ला पहिला लँडसॅट उपग्रह गेला तेव्हा त्याची चित्रं वाचायला तयार माणसं होती. मामांच्या फोनवरचं चित्र त्याच घराण्यातलं.

याच गोष्टीची दुसरी बाजू सोयाबीनने दाखवली. नोव्हेंबर २००४ मध्ये लुइझियानात सोयाबीनचा तांबेरा पहिल्यांदा सापडला. अमेरिकेत सगळ्यांच्या पोटात गोळा आला. पण तांबेऱ्यावर वेळेत बुरशीनाशक मारता येतं. म्हणून २००५ पासून जागोजागी पहारेकरी प्लॉट लावले. त्यांची नियमित पाहणी व्हायची आणि निकाल नकाशावर सगळ्यांना खुले. त्या वर्षी तांबेरा मुख्य पट्ट्यात पोचलाच नाही, आणि नकाशा बघून असंख्य शेतकऱ्यांनी फवारणी केली नाही. कृषी खात्याच्या अर्थतज्ज्ञांनी या माहितीची त्या एका वर्षाची किंमत १.१ कोटी ते २९.९ कोटी डॉलर काढली. (आमच्याकडे असं एस्टिमेट दिलं तर मॅनेजर घरी पाठवेल. असो.)

दोन्हीकडे पहारा होताच. फरक एवढाच की तांबेऱ्याच्या वेळी पाहणाऱ्याच्या हातात एक निर्णय होता: मारू की नको मारू. मक्याचा निर्णय पेरणीआधीच होऊन गेला होता, पिशवीत.

रविवारी मामांना फोन लावला. म्हटलं, "मामा, ते लाल कुठं आहे तिथं जरा जाऊन बघता का?" ते संध्याकाळी जाऊन आले. लाल दोन ठिकाणी होतं. एक खालच्या अंगाला, जिथे दरवर्षी पाणी साचतं. "ते तर मला बापाच्या वेळेपासून ठावं हाय," मामा म्हणाले. त्याचं आता काही होणार नाही, चर काढायचा तो पुढच्या पेरणीआधी. दुसरं बांधाकडच्या कोपऱ्यात, पानं पिवळी-हिरवी चट्टेदार. ती कृषी सहायकांना दाखवली. पिवळा मोझॅक निघाला. झाडं उपटा आणि पांढऱ्या माशीचा बंदोबस्त करा, असं त्यांनी सांगितलं. मामांनी दुसऱ्या दिवशी सकाळीच ती झाडं उपटून बांधाबाहेर काढून पुरली.

चर काढायच्या वेळी मीही येतो म्हणालोय. मामा हसले. "तू लॅपटॉप घेऊन बांधावर बस," म्हणाले.