पूरग्रस्त पुनर्उभारणी अनुदान (अहिल्यानगर जिल्हा)

नदीच्या पुरात घर, जनावरे, विहीर किंवा शेतजमीन गमावलेल्या कुटुंबांना, तसेच वाहून गेलेले रस्ते, पूल व बंधारे पुन्हा उभारण्यासाठी केंद्र व राज्य शासनाकडून मिळणारा, परतफेड करावी न लागणारा निधी. त्याचे दोन भाग पडतात. पूर ओसरताच मिळणारी तातडीची मदत हा पहिला, आणि जमीन पुन्हा पिकाखाली येईपर्यंत लागणारा दीर्घकालीन निधी हा दुसरा. पहिल्या भागाची पद्धत वर्षानुवर्षे ठरलेली आहे. दुसऱ्याला स्वतंत्र आर्थिक तरतूद मिळाली ती पंधराव्या वित्त आयोगापासून.

भौगोलिक पार्श्वभूमी : सुमारे १७,०४८ चौ. किमी. क्षेत्रफळाचा अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) हा राज्यातील सर्वांत मोठा जिल्हा. त्याच्या १४ तालुक्यांपैकी बहुतेक पर्जन्यछायेत येतात, त्यामुळे त्याची ओळख अवर्षणप्रवण जिल्हा अशीच आहे. मात्र पश्चिमेकडील अकोले तालुक्यात घाटघर व रतनवाडी ही राज्यातील अतिपावसाची ठिकाणे आहेत. प्रवरा व मुळा या नद्या याच डोंगरांतून निघतात. त्यांच्यावर भंडारदरा, निळवंडे व मुळा ही धरणे आहेत. प्रवरा पुढे नेवासे तालुक्यात प्रवरासंगम येथे गोदावरीला मिळते.

जिल्ह्यात पूर दोन प्रकारे येतो. पहिला धरणांतून सोडलेल्या पाण्याचा. नाशिककडे पाऊस झाला की नांदूर मध्यमेश्वर बंधाऱ्यातून गोदावरीत विसर्ग वाढतो आणि कोपरगाव, पुणतांबे व पुढची नदीकाठची गावे सावध होतात. २०१६ व २०१९ च्या ऑगस्टमध्ये असे मोठे पूर आले. दक्षिणेला भीमेत पुणे जिल्ह्यातील धरणांचे पाणी येते, त्याचा फटका श्रीगोंदे व कर्जत तालुक्यांतील सिद्धटेकसारख्या काठच्या गावांना बसतो. दुसरा प्रकार लहान नद्या व ओढ्यांचा. ऑगस्ट २०२१ च्या अखेरीस शेवगाव व पाथर्डी तालुक्यांत, तर सप्टेंबर २०२५ मध्ये पाथर्डी, शेवगाव, जामखेड, कर्जत या तालुक्यांत अतिवृष्टीने असे पूर आले. धरणाच्या पुराची सूचना काही तास आधी मिळते. ओढ्याच्या पुराची बहुधा मिळत नाही. पहिला सहसा शेतात गाळ टाकून जातो, दुसरा माती खरडून नेतो. फरशी पूल पाण्याखाली गेले की पलीकडच्या वस्त्यांचा गावाशी संपर्क तुटतो.

निधीची रचना : आपत्ती व्यवस्थापन अधिनियम, २००५ च्या कलम ४८ नुसार प्रत्येक राज्यात राज्य आपत्ती प्रतिसाद निधी असतो. महाराष्ट्रात त्यातील ७५ टक्के वाटा केंद्राचा व २५ टक्के राज्याचा आहे. पंधराव्या वित्त आयोगाने २०२१–२६ या काळासाठी सर्व राज्यांना मिळून १,६०,१५३ कोटी रुपयांच्या आपत्ती निधीची शिफारस केली आणि त्याचे भागही ठरवून दिले : मदतकार्य ४० टक्के, पुनर्प्राप्ती व पुनर्बांधणी ३० टक्के, पूर्वतयारी १० टक्के आणि आपत्ती सौम्यीकरण २० टक्के. राज्यात हा कारभार मदत व पुनर्वसन विभागाकडे आहे. मोठ्या आपत्तीत राज्य मंत्रिमंडळ विशेष पॅकेज जाहीर करते. ऑगस्ट २०२१ च्या ११,५०० कोटींच्या पॅकेजची विभागणी तत्काळ मदतीसाठी १,५०० कोटी, पुनर्बांधणीसाठी ३,००० कोटी आणि दीर्घकालीन उपायांसाठी ७,००० कोटी अशी होती.

दर : २०२२ मध्ये सुधारलेल्या केंद्रीय निकषांनुसार ३३ टक्के किंवा अधिक पीकहानी झाल्यास हेक्टरी मदत जिरायतीला ८,५०० रुपये, बागायतीला १७,००० रुपये आणि बहुवार्षिक पिकांना २२,५०० रुपये असून मर्यादा दोन हेक्टरची आहे. शेतातील गाळ काढण्यासाठी हेक्टरी १८,००० रुपये, तर जमीन खरडून गेल्यास किंवा नदीने पात्र बदलल्याने नष्ट झाल्यास हेक्टरी ४७,००० रुपये मिळतात. जानेवारी २०२४ मध्ये राज्याने पीकहानीचे दर अनुक्रमे १३,६००, २७,००० व ३६,००० रुपये केले आणि मर्यादा तीन हेक्टरपर्यंत नेली. मे २०२५ मध्ये पुन्हा केंद्रीय दर लागू झाले. त्यानंतर चारच महिन्यांनी सप्टेंबरचे पूर आले.

२०२५ चे पॅकेज : ७ ऑक्टोबर २०२५ रोजी मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी ३१,६२८ कोटी रुपयांचे पॅकेज जाहीर केले. मर्यादा पुन्हा तीन हेक्टर झाली आणि केंद्रीय दरावर रब्बीच्या बियाणे व इतर खर्चासाठी हेक्टरी १०,००० रुपये जादा देण्याचे ठरले. त्यामुळे जिरायतीची एकूण मदत हेक्टरी १८,५००, बागायतीची २७,००० आणि बहुवार्षिक पिकांची ३२,५०० रुपये झाली. खचलेल्या किंवा गाळाने बुजलेल्या विहिरीला ३०,००० रुपये, दुधाळ जनावरामागे ३७,५०० रुपये आणि पूर्ण पडलेल्या घराला सपाट प्रदेशात १,२०,००० रुपये अशी तरतूद होती. जमीन महसुलात सूट, सहकारी कर्जांचे पुनर्गठन, शेतीकर्जाच्या वसुलीला स्थगिती व परीक्षा शुल्कमाफी या सवलतीही दिल्या गेल्या. दीर्घकालीन दृष्टीने महत्त्वाची तरतूद खरडून गेलेल्या जमिनीची होती : हेक्टरी ४७,००० रुपये रोख आणि ३ लाख रुपयांपर्यंतची कामे रोजगार हमी योजनेतून.

कार्यपद्धती : महसूल मंडळात २४ तासांत ६५ मिमी.पेक्षा अधिक पाऊस झाल्यास अतिवृष्टी मानली जाते. तलाठी, ग्रामसेवक व कृषी सहायक संयुक्त पंचनामा करतात. याद्या तहसीलदारांकडून जिल्हाधिकाऱ्यांकडे, तेथून नाशिकच्या विभागीय आयुक्तांमार्फत शासनाकडे जातात. शासन निर्णय निघाल्यावर रक्कम आधारशी जोडलेल्या बँक खात्यात थेट जमा होते.

मर्यादा : अनुदानाचा आधार सातबारा उतारा आहे. सामायिक खात्यात इतर खातेदारांची संमती लागते. वारसनोंद राहिली असेल तर रक्कम अडकते. निम्म्या वाट्याने जमीन कसणाऱ्याचे नाव यादीत येत नाही. नदीकाठची वस्ती पिढ्यानपिढ्याची असली तरी जागा नावावर नसेल, तर घराची मदत वादात सापडते.

दुसरी मर्यादा कामाच्या स्वरूपाची आहे. रोजगार हमी महाराष्ट्रात दुष्काळी कामांतून आकाराला आली. तिच्या केंद्रीय कायद्यात मजुरी व साहित्य यांचे प्रमाण ६०:४० ठरलेले होते आणि यंत्रांच्या वापरावर बंधने होती. खरडलेल्या शेतात मात्र मुरूम उघडा पडलेला असतो. तेथे हजारो घनमीटर माती ट्रॅक्टर व टिपरने आणून पसरावी लागते. शिवाय अशी कामे दिवाळीनंतरच्या कोरड्या महिन्यांत होतात. पाथर्डी, शेवगाव, जामखेड या तालुक्यांतील अनेक कुटुंबे तेव्हा कोयता घेऊन ऊसतोडीला बाहेर असतात.

तिसरी मर्यादा विम्याची. खरीप २०२५ पासून राज्यातील पीकविम्याची भरपाई केवळ पीक कापणी प्रयोगातील उत्पादनावर ठेवली गेली आणि स्थानिक आपत्तीचे स्वतंत्र संरक्षण निघाले. त्यामुळे एका ओढ्याकाठच्या दहा-वीस शेतांच्या नुकसानीला अनुदान हाच मुख्य आधार उरला.

पूरक उपाय : २०१७ मध्ये सुरू होऊन २०२३ मध्ये पुन्हा राबवलेल्या ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजनेत तलावातील गाळ शेतात टाकण्यासाठी पात्र शेतकऱ्यांना घनमीटरला ३५.७५ रुपये आणि एकरी १५,००० रुपयांपर्यंत अनुदान मिळते. मातीचा थर परत आणण्यासाठी ही योजना थेट उपयोगी पडते. जलसंपदा विभागाच्या पूररेषा हा दुसरा उपाय. निळी रेषा २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची आणि लाल रेषा १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची पातळी दाखवते. निळ्या रेषेच्या आतील भागात नवी बांधकामे निषिद्ध असतात.

मूल्यमापन : पिकाच्या हानीचा हिशोब एका हंगामाचा असतो, जमिनीचा अनेक वर्षांचा. प्रतिसाद निधीत पुनर्बांधणीचा स्वतंत्र हिस्सा आणि २०२५ च्या पॅकेजमधील जमीनदुरुस्तीची तरतूद, या दोन्हींत हा फरक आकड्यांत मान्य झालेला दिसतो. मात्र पीकहानीच्या मदतीचे दर दोन वर्षांत तीनदा बदलल्याने एकाच नदीकाठच्या दोन पुरांना वेगवेगळा भाव मिळाला. रक्कम खात्यात पडली की अनुदानाच्या यादीतील नोंद पूर्ण होते. जमीन पुन्हा पिकाखाली आली की नाही, हे पुढच्या हंगामातील पीकपाहणीनंतर गाव नमुना बारामध्ये दिसते.